बॉम्बर्सची ऊन-सावली आणि अंपायरिंगचा दर्जा : एसेंडनच्या मराठी पाठीराख्यांसाठी धागा

लालपट्टा

नमस्कार मंडळी. नवख्यांसाठी : एसेंडन म्हणजे आपला मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा (एएफएल, बोलीत फूटी) क्लब, टोपणनाव बॉम्बर्स. नवा सीझन तोंडावर आलाय, मेंबरशिपचे पैसे भरून झालेत, पण मन अजून गेल्या ऑगस्टमध्येच अडकलंय. म्हणून हा धागा काढतोय.

मी २००६ साली मेलबर्नला आलो. पहिली नोकरी टलामरीनला, विमानतळावरच्या कार्गोत. तिथे माझ्यासोबत रात्रपाळीला एक ग्रीक काका असायचे. जूनमधल्या एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. काळा रंग, त्यावर लाल पट्टे. म्हणाले, "आता तू आमचा. थोडा धीर धर, हा क्लब जिंकतोच." त्यांचं काय चुकलं? १९८४, १९८५, १९९३, २००० असे चषक त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. २००० साली तर अख्ख्या सीझनमध्ये एसेंडन फक्त एक सामना हरलं होतं.

काका २०१९ साली गेले. तो मफलर अजून माझ्याकडे आहे. आणि एसेंडनने शेवटचा फायनल्सचा (साखळी संपल्यावर वरच्या आठ संघांत होणाऱ्या बाद फेरीचा) सामना जिंकला तो सप्टेंबर २००४ मध्ये, मेलबर्नविरुद्ध, ५ गुणांनी. म्हणजे मी या देशात येण्याच्याही आधी. वीस वर्षं मी या संघामागे आहे आणि फायनल्समधला एकही विजय पाहिलेला नाही.

आता मुद्दा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक पराभवानंतर पहिला मेसेज अंपायरच्या नावाने येतो. फ्री किकचे आकडे, व्हिडिओचे तुकडे, त्यावर काढलेलं लाल वर्तुळ. मीही पाठवलेत. पण या सुट्टीत मी जुने निकाल पुन्हा काढून बसलो आणि मला वाटायला लागलंय की आपण खापर चुकीच्या डोक्यावर फोडतोय. २०१२, २०१८, २०२३, २०२४. या चारही वर्षी आपण अकराव्या नंबरावर संपलो. २०१२ ला पहिल्या ९ पैकी ८ सामने जिंकले होते. २०२४ ला सीझनच्या मध्याला वरच्या चारात होतो. आणि मग येरे माझ्या मागल्या.

२०२३ चे शेवटचे दोन सामने आठवा. जायंट्सकडून १२६ गुणांनी हरलो, पुढच्याच आठवड्यात कॉलिंगवुडकडून ७० गुणांनी. १२६ गुणांच्या पराभवात कुठला अंपायर आडवा येतो?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. संघाबद्दलही आणि अंपायरिंगबद्दलही.

सातारी_इन_टार्नीट

लालपट्टा, काकांचं वाचून गलबलून आलं.

पण पूर्ण सहमत नाही. १२६ गुणांचा सामना सोडून द्या, तिथे आपण मैदानात उतरलोच नव्हतो. एक-दोन गुणांच्या सामन्यांचं काय? ऑगस्ट २०२४, मार्व्हल स्टेडियम, गोल्ड कोस्टविरुद्ध. मी आणि माझी मुलगी तिथे होतो. सायरन वाजला तेव्हा आपण पुढे होतो. मग त्यांच्या मॅक अँड्र्यूने सायरननंतरची किक मारली (सायरनआधी झेल घेतला असेल तर ती मारायला मिळते), गोल म्हणजे ६ गुण, आणि १ गुणाने हरलो. पोरगी गाडीत पूर्ण रस्ताभर बोलली नाही. अशा सामन्यात आधीच्या दोन तासांतली एकच चुकीची फ्री किक निकाल फिरवते. हातातोंडाशी आलेला घास जातो.

अॅडलेडकर_नितीन

मी क्रोज्चा, म्हणजे ॲडलेडच्या संघाचा पाठीराखा, तुमच्या धाग्यावर पाहुणा. पण एसेंडनवाल्यांनी अंपायरबद्दल तक्रार केली की मला १९ एप्रिल २०२४ ची शुक्रवारची रात्र आठवते, म्हणून लिहितोय.

ॲडलेड ओव्हल. मी उत्तरेकडच्या टेकडीवर, जुन्या स्कोअरबोर्डाखाली. आम्ही ३ गुणांनी मागे. शेवटचे काही सेकंद. बॉल आमच्या गोलच्या तोंडाशी, आणि तुमचा सॅम ड्रेपर त्यावर पालथा पडला. आमची पोरं त्याच्यावर. अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, "बॉऽऽल!" हा ओरडा ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल, पायाखालचं काँक्रीट थरथरतं. अंपायरने शिट्टी वाजवली नाही. सायरन वाजला. एसेंडन जिंकलं.

नंतर लीगनेच मान्य केलं की ती होल्डिंग द बॉलची फ्री किक द्यायला हवी होती. गोलच्या अगदी समोरून आम्हाला किक मिळाली असती.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३, सिडनीविरुद्ध आमच्या बेन कीजची किक. गोल अंपायरने पोलला लागली, म्हणजे गोल नाही, असं ठरवलं, रिव्ह्यू मागितलाच नाही. रीप्लेमध्ये स्वच्छ गोल. १ गुणाने हरलो आणि फायनल्सची आशा तिथेच संपली. लीगच्या प्रमुखांनी जाहीरपणे चूक कबूल केली. कबुलीने गुण परत मिळत नाहीत. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, गळ्यातला मफलर काढून त्यांनी घडी घातली, पिशवीत ठेवला आणि उठल्या. काही बोलल्या नाहीत.

लालपट्टा

नितीनदादा, ड्रेपरचा तो सामना मी घरी बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मी उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी रीप्ले बघितल्यावर कळलं की तो विजय आपला नव्हताच. पण आपल्या ग्रुपवर त्या दिवशी एकानेही व्हिडिओवर लाल गोल काढून पाठवला नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला हेच म्हणायचंय.

भाग्यश्री_के

मी सहा महिन्यांपूर्वी आलेय, नवऱ्यामुळे फूटी बघायला लागलेय. हे होल्डिंग द बॉल नक्की काय आहे? कधी देतात कधी देत नाहीत, मला अजून ताळमेळ लागत नाही.

जुना_गडी

भाग्यश्रीताई, पन्नास वर्षं बघणाऱ्यांनाही लागत नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मी १९९१ पासून बघतोय, समजावायचा प्रयत्न करतो.

खेळाडूच्या हातात बॉल आहे आणि त्याला समोरच्याने टॅकल केलं. अंपायरने मनात पहिला प्रश्न विचारायचा : याला बॉल सोडायची आधी संधी मिळाली होती का? मिळाली असेल, म्हणजे तो दोन पावलं पळाला, एकाला चकवायला गेला, तर टॅकल झाल्याबरोबर त्याने लाथेने किंवा मुठीने ठोसून बॉल सोडलाच पाहिजे. नाही सोडला तर फ्री किक. संधी मिळालीच नसेल तर सोडायचा प्रामाणिक प्रयत्न तरी दिसला पाहिजे. आणि ज्याने बॉल स्वतःच पोटाखाली ओढून घेतला त्याला माफी नाही. ड्रेपरचं हेच झालं होतं.

आता बघा, यात "संधी", "प्रामाणिक", "ताबडतोब" हे सगळे शब्द अंदाजाचे आहेत. क्रिकेटमधल्या एलबीडब्ल्यूसारखं. पण तिथे अंपायर एका जागी उभा, बॉल कुठून येणार ते ठाऊक, आणि आता डीआरएस. इथे ३६ माणसं चारी दिशांनी पळतायत, लंबगोल बॉल कुठेही उसळतोय, अंपायर स्वतः धावतोय आणि निर्णय अर्ध्या सेकंदात. माझं मत स्पष्ट आहे : जगातल्या कुठल्याही खेळात याच्याइतकं अवघड अंपायरिंग नाही.

पण म्हणून लीगला मी सोडणार नाही. अंपायरपेक्षा लीगचा दोष जास्त. २०१९ ला सहा-सहा-सहाचा नियम आणला, म्हणजे खेळ मध्यातून सुरू होताना मैदानाच्या तिन्ही भागांत प्रत्येक संघाचे सहा-सहा खेळाडू. २०२१ ला स्टँडचा नियम, मार्कवरचा, म्हणजे किक मारणाऱ्यासमोर उभा असलेला माणूस हलला की ५० मीटरची शिक्षा (बॉल तेवढा पुढे जातो). २०२२ ला अंपायरच्या निर्णयावर हात पसरले तरी ५० मीटर. २०२४ ला तर ऐन सीझनच्या मध्यात होल्डिंग द बॉलची वेळ कमी करायला सांगितली. एप्रिलमध्ये जी फ्री किक नव्हती ती जूनमध्ये झाली! शाळेत अर्धी परीक्षा झाल्यावर गुण द्यायची पद्धत बदलावी तसं. आणि मग शिव्या कुणाला? ज्याच्या तोंडात शिट्टी आहे त्याला.

सातारी_इन_टार्नीट

+१. सीझनच्या मध्यात बदलणं मला आजही पटत नाही. खेळाडूंच्या अंगवळणी पडलेलं एका आठवड्यात कसं बदलणार?

स्वान्स_पॅरामॅटा

सिडनीहून. जुना_गडी यांचं सगळं मान्य, तरी २०१६ ची ग्रँड फायनल माझ्या डोक्यातून जात नाही. बुलडॉग्जना २० फ्री किक, आम्हा सिडनी स्वान्सना ८. बुलडॉग्ज त्या दिवशी मनापासून खेळले, ६२ वर्षांनी त्यांना चषक मिळाला, त्यांचा आनंद मी कमी करत नाही. पण २०-८.

जुना_गडी

स्वान्स, आकड्यांचं एक सांगतो. फ्री किक दोन्हीकडे सारख्याच असल्या पाहिजेत असं काही नाही. जो संघ बॉलवर आधी पोचतो त्याला टॅकल होतात, गळ्याला हात लागतात, पाठीत धक्के बसतात. त्याला फ्री किक जास्त मिळणारच. मी हल्ली सामना बघताना फ्री किकचा आकडा बघतच नाही. बघतो ते एवढंच की अंपायरने या टोकाला जे दिलं तेच त्या टोकाला दिलं का. पहिल्या क्वार्टरला जे दिलं ते चौथ्यात दिलं का. तिथे मात्र खरोखर फरक पडतो. शेवटच्या दोन मिनिटांत शिट्ट्या गप्प होतात हे माझं तीस वर्षांचं निरीक्षण आहे. चूक करण्यापेक्षा काहीच न करणं बरं असं त्या क्षणी वाटत असावं. ड्रेपरच्या वेळी तेच झालं असं मला वाटतं.

मीनल_पॉइंटकुक

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. दोन वर्षं झाली, तो लहान मुलांच्या सामन्यांत अंपायरिंग करतो. त्याला खेळाडू व्हायचं होतं, गुडघा दुखावला, मग कोचने शिट्टी हातात दिली.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी सकाळी बारा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. गवतावर दव, माझ्या बुटात पाणी. त्याने एका मुलाला होल्डिंग द बॉल दिला. त्या मुलाचे वडील सीमारेषेवरून आत आले. मैदानात, खेळ चालू असताना. माझ्या मुलाच्या तोंडासमोर बोट नाचवून जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. मी पन्नास मीटरवर होते. माझा मुलगा त्यांच्यापेक्षा उंच आहे, पण मी त्याचे खांदे खाली गेलेले पाहिले. त्याने शिट्टी तोंडातून काढली, पुन्हा घातली आणि बॉल कुणाचा आहे ते हाताने दाखवलं. निर्णय बदलला नाही. दोन्ही संघांच्या मॅनेजरनी त्या गृहस्थांना बाहेर नेलं.

घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "आई, बॉल त्याने सोडला होता का गं?" म्हणजे सगळं अंगावर घेऊन तो दिवसभर हाच विचार करत होता की निर्णय बरोबर होता का.

तुम्ही टीव्हीवर अंपायरला बोलता ते घरातली मुलं ऐकतात. तीच पुढे सीमारेषेवर उभी राहतात. एवढंच सांगायचं होतं.

लालपट्टा

मीनलताई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. मनापासून.

सातारी_इन_टार्नीट

ताई, मी मार्व्हलला मुलीसमोर काय काय बोललो ते आठवलं. पुन्हा होणार नाही.

हर्षद_५२

मीनलताईंचं वाचल्यावर अंपायरवर लिहायला जड जातंय, पण एक व्यावहारिक मुद्दा. वरच्या लीगचे मैदानी अंपायर बहुतेक सगळे दुसरी नोकरी सांभाळून हे करतात. कुणी शिक्षक, कुणी वकील. खेळाडू पूर्णवेळ, कोच पूर्णवेळ, आहारतज्ज्ञ पूर्णवेळ, आणि ज्याच्या एका शिट्टीवर करोडोंचा खेळ फिरतो तो माणूस सोमवारी सकाळी ऑफिसात. २०२३ पासून मैदानी अंपायर तीनाचे चार केले, तेव्हा वाटलं होतं की चुका कमी होतील. माझ्या मते उलट झालं, चार माणसं म्हणजे चार नजरा, चार अंदाज. माणसं वाढवण्यापेक्षा आहेत त्यांना पूर्णवेळ पगार द्या, आठवडाभर एकत्र बसवून व्हिडिओ दाखवा. तेव्हा कुठे एकसारखेपणा येईल.

जुना_गडी

हर्षद, पूर्णवेळचं शंभर टक्के मान्य. चारचं मात्र नाही. चार झाल्यामुळे बॉलच्या मागचे धक्के पकडले जातात, जे पूर्वी कुणाला दिसायचेच नाहीत.

२०२६ पासून मधला बाऊन्स (खेळ सुरू करताना अंपायर मध्यात बॉल जमिनीवर आपटतो तो) बंद होतोय, अंपायर बॉल वर फेकणार. सगळे म्हणतात बरं झालं, वेडावाकडा बाऊन्स गेला, एका बाजूचा फायदा गेला. डोक्याला पटतं. पण एमसीजीवर अंपायर दोन्ही हातांनी बॉल उंच धरतो, क्षणभर सगळं शांत होतं, मग तो सगळा जीव लावून जमिनीवर आपटतो आणि उलट्या पावलांनी पळत मागे जातो, ते आता दिसणार नाही याचं मला फार वाईट वाटतं. अंपायरचं कसब असं म्हणून लोकांनी मान्य केलेली ती एकच गोष्ट होती.

लालपट्टा

आता संघाकडे वळूया. माझ्या मते मूळ दुखणं घडी न बसण्याचं आहे. केव्हिन शीडी २७ वर्षं कोच होते, १९८१ ते २००७. त्यानंतर नाइट्स, हर्ड, थॉम्पसन, पुन्हा हर्ड, वर्सफोल्ड, रटन, २०२३ पासून स्कॉट. प्रत्येकाची पद्धत वेगळी. आधीचा सांगणार मैदान पसरवून पळा, नंतरचा सांगणार बॉल धरून ठेवा. पोरांचा पाया पक्का होणार कधी?

आणि मध्ये ते इंजेक्शनचं प्रकरण, क्लबनेच खेळाडूंना सप्लिमेंटची इंजेक्शनं दिल्याचं. २०१३ ला आपण फायनल्सला पात्र ठरूनही बाहेर काढले गेलो. २०१६ ला ३४ आजी-माजी खेळाडूंवर वर्षभराची बंदी. त्या वर्षी ३ सामने जिंकलो आणि तळाला गेलो. मी त्या वर्षी एकही घरचा सामना चुकवला नाही. काका म्हणायचे, वाईट दिवसांत जो येतो तो पाठीराखा. पण एक पिढी तिथे कापली गेली. २२ ते २६ वयाची जी मुलं पुढे आधारस्तंभ झाली असती, त्यांची ऐन वर्षं गेली. त्याची भरपाई आपण आजही करतोय असं मला वाटतं.

हर्षद_५२

लालपट्टा, दहा वर्षं झाली त्याला. किती दिवस तेच सांगणार? त्यानंतर आपण २०१७, २०१९, २०२१ ला फायनल्सला गेलोच ना. सिडनीकडून ६५, वेस्ट कोस्टकडून ५५, बुलडॉग्जकडून ४९. तीनही वेळा पहिल्याच सामन्यात, तीनही वेळा मार खाऊन. दर दोन वर्षांनी पाहुणा आल्यासारखे जातो आणि चहा न पिता परततो.

मला जे दिसतं ते सांगतो. बॉल आपल्याकडे असताना आपण कुणालाही हरवू शकतो. बॉल गेला की उलटं पळायची तयारी नाही. समोरचा संघ मधून मोकळा सुटतो आणि आपले चारजण कंबरेवर हात ठेवून बघत असतात. हे टीव्हीवर दिसत नाही, कॅमेरा बॉलमागे जातो. मैदानात वरच्या मजल्यावर बसलं की लख्ख दिसतं. पुढच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरचं तिकीट काढा आणि फक्त बॉलपासून लांबचे खेळाडू बघा. दोन सामन्यांत कळेल आपण का हरतो.

२०२५ ला दुखापतींनी कंबरडं मोडलं, ६ विजय, पंधरावा नंबर, ते मी समजू शकतो. नवी पोरं झुंजली. पण २०२४ ला दुखापतीचं कारण नव्हतं.

सातारी_इन_टार्नीट

मेरेटचं काय? २०२५ ला आपल्या कॅप्टननेच हॉथॉर्न क्लबात जायची इच्छा बोलून दाखवली, क्लबने सोडलं नाही. मला त्याचा राग येत नाही. एवढी वर्षं जीव तोडून खेळला, त्यालाही फायनल्स जिंकायच्या असतीलच.

भाग्यश्री_के

एक विचारू? २०२६ पासून फायनल्ससाठी दहा संघांना संधी आहे ना? मग अकरावा नंबर...

लालपट्टा

हो ताई. सात ते दहा नंबरवाल्यांसाठी वाइल्डकार्ड सामने. आपण मात्र ज्या चार वर्षांचं मी लिहिलं त्या चारही वेळा त्याच्याही एक पायरी खाली होतो. हे वाचून मला झोप लागली नव्हती.

जुना_गडी

झोपा हो. १९९३ ला कुणालाही वाटलं नव्हतं की ती कोवळी पोरं चषक आणतील. "बेबी बॉम्बर्स" म्हणायचे त्यांना. मी त्या ग्रँड फायनलला उभ्याच्या तिकिटावर होतो. या पोरांना तीन वर्षं एकच कोच, एकच पद्धत द्या. मग बोलू.

मीनल_पॉइंटकुक

मुलाने धागा वाचला. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, मी शेजारी बसून काही शब्द सांगितले. जुना_गडी यांचं "या टोकाला जे दिलं तेच त्या टोकाला" हे त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, मला ट्रेनिंगला हेच सांगतात. एप्रिलपासून तो पुन्हा सुरू करतोय. मी मध्यंतरी विचारलं होतं, सोडायचं का. नाही म्हणाला.

लालपट्टा

ताई, पहिला सामना कुठल्या मैदानावर, किती वाजता, एवढं मला मेसेज करा. मी वेरिबीलाच राहतो, दहा मिनिटांचा रस्ता. थर्मासमध्ये चहा घेऊन सीमारेषेवर येतो.

सातारी_इन_टार्नीट

मीपण येतो, मुलीला घेऊन.